‘हे तर मला यायलाच हवं होतं’

पदवीचे निकाल लागून मुले कामाला लागली, की समुपदेशक म्हणून दरवर्षी माझ्याकडे एक तक्रार हमखास येते : “कॉलेजात मी हुशार होते, इथे मला काहीच येत नाही.” त्यातलीच एक हकिगत, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, इथे मांडते. तिला आपण रेवा म्हणू.

रेवा उपयोजित कलेची पदवीधर, पुण्यातल्या एका लहान डिझाइन स्टुडिओत सहा महिन्यांसाठी इंटर्न. पहिल्याच महिन्यात तिने एका पत्रकाची फाइल ब्लीड न सोडता छापखान्यात पाठवली. कडेबाहेर 3 मिलिमीटर रंग वाढवलेला नव्हता, त्यामुळे कापताना पांढरी रेघ दिसेल, असे सांगणारा फोन छापखान्यातूनच आला. पुढे एका बॅनरवर मराठी मजकूर टाकताना पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसली, जोडाक्षरे सुटी झाली आणि ते ग्राहकाच्या लक्षात आले. त्यानंतर तिने कोणालाही काही विचारणेच बंद केले. अडले की रात्री बारापर्यंत व्हिडिओ पाहून उत्तर शोधायची आणि सकाळी अर्धवट झोपेत नवी चूक करायची.

पहिल्या दोन भेटींत मी तिला धीर दिला, आणि तो वाया गेला हे कबूल करायला हवे. तिसऱ्या भेटीत सरळ विचारले, “सिनियरना का विचारत नाहीस?”

“विचारलं तर त्यांना कळेल ना, मॅडम.”

“काय कळेल?”

“की हे मला यायलाच हवं होतं.”

त्या ‘च’वर मी थांबले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती ही माझ्या कामाची बैठक आहे. एखादी गोष्ट यावी ही इच्छा माणसाला शिकवते, ती यायलाच हवी हा हट्ट त्याला लपायला लावतो, आणि आपल्या भाषेत या दोहोंमध्ये एका अक्षराचे अंतर आहे. मी विचारले, “ब्लीड कॉलेजात शिकवलं होतं?” ती म्हणाली, “एकदा सांगितलं होतं. पण आमचं काम तिथे भिंतीवर लागायचं, कटिंगला कधी गेलंच नाही.” बोलता बोलता ती स्वतःच गप्प झाली. जे काम कधी कटिंगला गेले नाही, त्याच्या कडा सांभाळणे तिला आधीच कसे येणार होते?

पुढच्या भेटीला मी तिला लाल पेनाने दुरुस्त्या केलेले सगळे प्रिंट आणायला सांगितले. आम्ही ते तारखेनुसार टेबलावर मांडले. पहिल्या महिन्यातल्या खुणा ब्लीडच्या, आरजीबीमध्येच (म्हणजे छपाईच्या नव्हे, स्क्रीनच्या रंगांत) राहिलेल्या छायाचित्रांच्या, तुटक्या जोडाक्षरांच्या होत्या. तिसऱ्या महिन्यात त्यांपैकी एकही नव्हती. तिथे लिहिले होते, ‘शीर्षक ओरडतंय’, ‘इथे मोकळी जागा हवी’. लाल शाई तेवढीच होती, म्हणून तिला वाटत होते की आपण आहोत तिथेच आहोत. मला मात्र ते कागद पाहताना, हे आधी का सुचले नाही, असे वाटून गेले. आता अशा प्रत्येक मुलाला मी चुका मोजू नकोस, त्यांची जात पाहा, असे सांगते.

विचारण्याचीही एक रीत असते. अर्धा तास स्वतः प्रयत्न करावा, काय करून पाहिले ते सांगावे आणि नेमके कुठे अडले तेवढेच विचारावे. ‘मला हे जमत नाही’ या वाक्याला कामात बुडालेला सिनियर काय उत्तर देणार? उत्तर मिळाले की ते वहीत लिहावे, कारण तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तर समोरचा वैतागणारच. अर्थात, जिथे कोणी काम तपासतच नाही किंवा चुकीवरून चारचौघांत पाणउतारा होतो, तिथे दोष इंटर्नच्या भित्रेपणाचा नाही आणि ती जागा सोडण्याचा विचार जरूर करावा.

रेवाने पहिला प्रश्न विचारला तो तीन घडींच्या माहितीपत्रकाबद्दल. तिने ए-फोर कागदाचे 99 मिलिमीटरचे तीन समान भाग केले होते आणि आत मुडपणारा भाग घडीत अडकत होता. सिनियरने कोरा कागद घेऊन 100, 100 आणि 97 अशा खुणा केल्या आणि घडी घालून दाखवली. चार मिनिटे लागली, म्हणाली. तो कागद ती मला दाखवायला घेऊन आली होती.