सिम्युलेटरवर पहिला प्रयोग करताना

गाडी चालवण्याचा आभास देणाऱ्या सिम्युलेटरवर तू चालकाची पेंग मोजणार आहेस. त्याच्या डोळ्यांवर रोखलेल्या कॅमेऱ्याचं नंतर बघ, आधी माणूस सांभाळ. स्क्रीनवर रस्ता पळतो, अंगाला मात्र हालचाल जाणवत नाही. त्यातून मळमळ होते. म्हणून आधी सरावफेरी दे, सुरुवातीला तीव्र वळणं टाळ. सहभागी ‘नको’ म्हणाला की तिथेच थांब. पूर्ण बरं वाटेपर्यंत त्याला गाडी चालवत घरी जाऊ देऊ नकोस, हे कळकळीने सांगतो.

पेंग मोजताना फक्त पर्क्लोसवर विसंबू नकोस. पापण्या ८० टक्के किंवा जास्त मिटलेल्या असण्याचा वेळेतला वाटा म्हणजे पर्क्लोस. चष्म्यावरच्या चकाकीने तो चुकतो. गाडी लेनमध्ये किती डुलते तेही नोंदव. किती झोप येतेय ते सहभागीने स्वतः १ ते ९ मध्ये सांगायची कॅरोलिन्स्का मोजपट्टी अधूनमधून विचार (विचारल्यानेच माणूस थोडा जागा होतो, हे ध्यानात ठेव). आणि कॅमेरा व सिम्युलेटरची घड्याळं रोज जुळव.