सासूबाई समोरच्या पार्कात का जात नाहीत?

प्रश्न : सासूबाई-सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत जर्सी सिटीला आलेत. घरासमोरच पार्क आहे, पण दोघं तिकडे फिरकत नाहीत. "कुणी हटकलं तर?" म्हणतात आणि दिवसभर टीव्हीसमोर बसतात. काय करू?

अगं, त्यांची भीती खरी आहे. आपल्याकडे बाग म्हटली की कुंपण, फाटक, ठरलेल्या वेळा आणि शिट्टी वाजवणारा वॉचमन. इथे नुसतीच हिरवळ पसरलेली, ना कुंपण ना कुणी राखणदार. एवढी निगा राखलेली जागा कुणाच्या तरी मालकीची असणार, असंच आपल्या माणसाला वाटतं.

सासऱ्यांना तुमच्याच गावाची गोष्ट सांग. १९३० च्या दशकात जर्सी सिटीचे महापौर फ्रँक हेग कामगार संघटनेच्या लोकांना सभा घेऊ देत नव्हते, पत्रकंही वाटू देत नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९३९ मध्ये हेग हरले. रस्ते आणि पार्क कागदोपत्री कुणाच्याही नावावर असोत, ते पूर्वापार लोकांनी जमावं, बोलावं यासाठी विश्वस्ताच्या नात्याने राखलेले असतात, असं न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी लिहिलं. म्हणूनच एकाच पार्कात सकाळी योगासनं, दुपारी कुणाचा वाढदिवस आणि संध्याकाळी निषेध सभा दिसते. हा हक्क सगळ्यांना सारखा आणि सुखासुखी मिळाला असं मात्र नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी १८५७ मध्ये सेनेका व्हिलेज ही मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती उठवली गेली होती. हेही त्यांना सांग.

पहिले चार दिवस तू स्वतः सोबत जा. "जा ना, काही होत नाही" एवढ्यावर ते उठणार नाहीत. रोज एकच वेळ आणि एकच बाक ठेव. समोरून येणारा अनोळखी माणूस हसून "गुड मॉर्निंग" म्हणेल, तेव्हा आपणही म्हणायचं, एवढं सासूबाईंना सांगून ठेव. थंडीत बऱ्याच पार्कांतली स्वच्छतागृहं बंद असतात, त्यामुळे फेरी बेताचीच ठेवा. सासऱ्यांच्या खिशात पत्ता आणि तुझा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू दे.

आणि फुलं! माझी आई पहिल्याच सकाळी ओंजळभर फुलं पदरात घेऊन आली, देवासाठी. पार्कातलं फूल तोडायचं नसतं हे तिला सांगायला मी विसरले होते. तिला फार अपराधी वाटलं, पुढचे दोन दिवस ती बाहेरच पडली नाही. तू आधीच सांग, आणि पूजेला गॅलरीतल्या कुंडीत झेंडू लाव.

एप्रिलमध्ये त्यांना न्यूअर्कच्या ब्रांच ब्रूक पार्कला ने. १८९५ पासूनचं हे अमेरिकेतलं पहिलं काउंटी पार्क (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग). तिथे चेरीची पाच हजारांहून जास्त झाडं आहेत, बहराच्या दिवसांत बघतच राहावं अशी. पाथ ट्रेनने न्यूअर्क पेन स्टेशन, तिथून लाइट रेल. गाडी काढायलाही नको. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घे.

मंडळी जमवायची असतील तर आधी चौकशी करून पॅव्हिलियनचं, म्हणजे पार्कातल्या छपराखालच्या जागेचं आरक्षण कर. कोजागिरीचा बेत मात्र घरीच ठेव, कारण बरीच पार्कं अंधार पडला की बंद होतात आणि दूध आटवायचं तर चंद्र वर यायला हवा.