आई-वडील पाच महिन्यांसाठी न्यू जर्सीला ताईकडे चाललेत, त्यांच्या मोबाईलचं स्वस्तात काय करावं?

दुकानदाराने तुम्हाला 'अमेरिकेचा रोमिंग पॅक मारून घ्या, टेन्शन नको' असं सांगितलं म्हणता, तर आधी त्याचाच हिशेब करू. दहा दिवसांच्या पॅकला अडीच-तीन हजार धरा. पाच महिन्यांचे पंधरा पॅक झाले, म्हणजे साडेसदतीस ते पंचेचाळीस हजार, आणि तेही माणशी. आठवडाभर फिरून परत येणाऱ्याला रोमिंग पॅक ठीक आहे. मुलीच्या घरी मुक्काम करणाऱ्याचं ते काम नाही.

मी निवृत्त बँक कर्मचारी. २०१८, २०२३ आणि गेल्या वर्षी अशी तीनदा न्यू जर्सीतल्या एडिसनला लेकीकडे राहून आले. पहिल्या खेपेला जेवढं चुकायचं तेवढं चुकलं, त्या जिवावर लिहितेय.

मुख्य गोष्ट एवढीच, की इथला नंबर आणि तिथला नंबर यांची कामं वेगळी ठेवायची. इथला नंबर बोलायला नाही, नेटला नाही, फक्त ओटीपीला. बोलणं आणि नेट तिथल्या सिमवर. लोक नेमकं उलटं करतात. इथलं सिम काढून पाकिटात ठेवतात, तिथलं घालतात आणि महिन्याभराने एफडी मोडायची वेळ आली की रात्री भाच्याला फोन करतात. काउंटरला असताना असे भाचे मी खूप बघितलेत, 'मामा अमेरिकेत आहेत, काही करता येईल का' म्हणत यायचे. नसायचं येत.

तर इथल्या नंबरचं आधी. रिचार्जची मुदत पूर्ण मुक्काम झाकेल अशी हवी, वर पंधरा दिवस जास्तीचे. मुदत संपली की येणारे मेसेज बंद होतात आणि मग बॅलन्स असून उपयोग नाही. रोजच्या दोन जीबीचा महागडा पॅक मात्र घेऊ नका, तो डेटा तिथे चालत नाही. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्याच्या नियमामुळे २०२५ पासून फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले पॅक कंपन्यांना ठेवावे लागतात, आणि त्यांची मुदत वर्षभरापर्यंत असू शकते. दुकानदार आपणहून दाखवत नाही, मागून घ्यावा लागतो.

मग इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्यायचं. पॅक नव्हे, नुसती सेवा. येणारा एसएमएस साधारणपणे फुकट असतो, पण सिमने तिथलं नेटवर्क धरलं तरच तो येणार. काही कंपन्यांच्या प्रीपेडवर त्यासाठी एखादा छोटा पॅक मारावा लागतो, ते कस्टमर केअरला स्पष्ट विचारा. हे काम निघायच्या किमान आठवडाभर आधी करा. सिम खराब आहे, बदलून घ्यायचंय, ई-सिम (प्लॅस्टिकचं कार्ड नसलेलं, फोनच्या आतलंच सिम) करायचंय, काहीही असेल तर तेही तेव्हाच. कारण सिम बदललं की सुरक्षेसाठी चोवीस तास त्या नंबरचे एसएमएस बंद ठेवतात. आदल्या दिवशी सिम बदललं तर विमानतळावर ओटीपीची वाट बघत बसाल.

तिथे इथल्या सिमचं डेटा रोमिंग बंद हवं. बंद म्हणजे विमानात बसायच्या आधीच बंद, स्वतःच्या डोळ्यांनी बघून. २०१८ ला नेवार्कला उतरलो तेव्हा सामान यायला पाऊण तास लागला. यांनी 'पोचलो' एवढं कळवायला फोन चालू केला आणि खिशात टाकला. तेवढ्या वेळात सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप आणि माझ्या माहेरचा ग्रुप यांनी साठवलेले सगळे सुप्रभात एकदम उतरले. पोस्टपेड नंबर. बिल आलं तेव्हा कळलं की गुलाबाच्या फुलांवरचे ते सुविचार आम्हाला सात हजारांना पडले. आमच्याकडे अजून कोणी गुलाबाचा फोटो पाठवला की हे 'किती झाले?' विचारतात.

विमानातही फोन विमान मोडवरच राहू द्या. पुष्कळ विमानांत आता स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं, फोन ते गुपचूप पकडतो आणि त्याचा दर जमिनीवरच्यापेक्षा चढा असतो.

आणखी एक. रोमिंगवर असताना इथल्या नंबरवर आलेला फोन उचलला तरी मिनिटाला पैसे पडतात. आपल्याकडे सकाळचे साडेअकरा म्हणजे उन्हाळ्यात तिथे रात्रीचे दोन. कर्ज देणाऱ्या पोरी बरोबर त्याच वेळेला कामाला लागलेल्या असतात. आई-बाबांना सांगून ठेवा, इथल्या सिमवरचा फोन उचलायचाच नाही, वाजून वाजून बंद होऊ द्यायचा. सगळ्या नातेवाइकांना व्हॉट्सॲपवरच करायला सांगा. तिथलं सिम घातल्यावर व्हॉट्सॲप कधीकधी विचारतं, नंबर बदलायचा का. 'नाही' म्हणायचं. जुनाच नंबर राहिला तरी वायफायवर सगळं चालतं.

आता फोनविषयी, कारण खरी गोम इथे आहे आणि हे कोणी सांगत नाही. आपल्याकडचा प्रत्येक फोन अमेरिकेत चालेलच असं नाही. २०२२ मध्ये तिथल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी, म्हणजे एटी अँड टी, व्हेरायझन आणि टी-मोबाईलने, ३जी बंद केलं. तेव्हापासून साधा कॉलसुद्धा ४जीवरून जातो, त्याला व्होल्टी म्हणतात. एटी अँड टी आणि व्हेरायझन आपल्या यादीत नसलेला फोन सरळ नाकारतात, आणि इथे बारा-पंधरा हजारांत मिळणारे बरेच फोन त्या यादीत नसतात. नेट चालतं आणि कॉल लागत नाही, किंवा सिमच चालू होत नाही. टी-मोबाईल त्या मानाने सोशिक. शिवाय तिथले बँड, म्हणजे नेटवर्कच्या लहरींचे पट्टे, वेगळे. इथल्या फोनला शहरात रेंज मिळते आणि गावाबाहेर, तळघरात गेलं की जाते. तिकडच्या बऱ्याच घरांना तळघर असतं आणि वॉशिंग मशीन पुष्कळदा तिथेच असतं, हे लक्षात घ्या.

तपासायचं कसं? फोनच्या डायलरवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा. पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, येतो. तो ताईला पाठवा, ती कंपनीच्या साइटवर टाकून चालेल की नाही ते दोन मिनिटांत सांगेल. त्याच पडद्यावर ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. तसं असेल तर फार बरं. इथलं सिम जागेवर राहतं, तिथलं ई-सिम ताई क्यूआर कोड दाखवून घालते, टाचणीची भानगडच नाही. ई-सिम नसेल पण दोन सिमचा फोन असेल तरी तेच. एकच खाच असेल तर मात्र जुना दुसरा फोन बरोबर न्यावा.

२०२३ ची गंमत सांगते. जावयांनी यांना स्वतःचा वापरलेला आयफोन १४ दिला. हे खूश. संध्याकाळी चहाच्या टेबलावर सिम काढायची टाचणी घेऊन बसले आणि फोन फिरवत राहिले. डावी कड, उजवी कड, खालची. चष्मा बदलून पुन्हा. छिद्रच सापडेना. मला म्हणाले, 'तुझ्या नखाने बघ.' शेवटी लेक ऑफिसातून आली तेव्हा कळलं की अमेरिकेत विकलेल्या आयफोनला १४ पासून सिमची खाचच नाही, सगळं ई-सिमवर. आमचं इथलं सिम प्लॅस्टिकचं, ते घालणार कुठे? इथला नंबर ई-सिम करावा म्हटलं तर जुन्या सिमवरून मेसेजची देवाणघेवाण करावी लागते, आणि ते तिथे बसून काही जमेना. मग यांचा जुना फोन सिमसकट पाच महिने फ्रिजवर चार्जिंगला लावलेला होता. नातू त्याला 'आजोबांचा बँकवाला फोन' म्हणायचा. तेव्हा ताई जुना आयफोन देणार असेल तर इथूनच नंबर ई-सिम करून घ्या. आणि यूपीआयचं ॲप त्या नव्या फोनवर तिथे जाऊन टाकू नका. नोंदणीसाठी तुमच्या सिमवरून एसएमएस बाहेर जातो, त्याला रोमिंगचे पैसे पडतात, आणि एकदा अडकलं की तिथे बसून सोडवणं अवघड जातं.

तिथलं सिम कुठलं घ्यायचं? विमानतळावरच्या टपरीवरून घेऊ नका, तिथे प्रवाशाच्या घाईचे पैसे घेतात. ताईचा फॅमिली प्लॅन असेल तर आधी तिला विचारा की आणखी एक लाईन जोडली तर महिन्याला किती वाढतात. कधीकधी तेच सगळ्यात स्वस्त निघतं. नसेल तर छोट्या कंपन्या आहेत. त्यांचे स्वतःचे टॉवर नसतात, मोठ्यांचे वापरतात. मिंट आणि टेलो टी-मोबाईलच्या टॉवरवर चालतात, व्हिजिबल व्हेरायझनच्या, क्रिकेट एटी अँड टीच्या. मिंटचा नव्या गिऱ्हाइकाचा दर मी घेतला तेव्हा महिना पंधरा डॉलर होता, पण तीन महिन्यांचे एकदम भरायचे. टेलोवर मिनिटं आणि डेटा आपल्या गरजेपुरता निवडता येतो, घरात वायफाय असणाऱ्या म्हाताऱ्यांना महिना दहा डॉलरच्या आत-बाहेर पुरतं. मी गेल्या वर्षी तेच केलं. जाहिरातीतल्या आकड्यावर कर वेगळा पडतो, तो धरून चाला. एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय वाणसामानाच्या दुकानांत लायका कंपनीची सिमंही मिळतात. तुमच्या घरात कोणी स्मार्टफोन न वापरणारी आत्या-मावशी असेल तर भारतातले कॉल धरलेला असा प्लॅन बघा, नाहीतर गरज नाही.

डेटा फार घेऊ नका. घरात वायफाय, मॉलमध्ये वायफाय, आणि बहुतेक गावांतल्या सार्वजनिक ग्रंथालयांत फुकट वायफाय. ग्रंथालयात बाबांना नक्की पाठवा, मराठी पुस्तकं मिळण्याची खात्री नाही, पण खुर्च्या उत्तम. एक पैसाही खर्च न करता आमचे हे तिथे तीन-तीन तास बसायचे. महिन्याला दोन जीबीत माझं भागलं. सेटिंगमध्ये 'मोबाईल डेटा कुठल्या सिमचा' तिथे तिथलं सिम निवडा. आयफोनमध्ये डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर बदलू देण्याचं एक बटण असतं, तेही बंद करा.

दुबईमार्गे जाणार असतील तर एक धक्का आधीच सांगून ठेवा. तिथे व्हॉट्सॲपवर लिहिलेला मेसेज जातो, बोलणं होत नाही. अमिरातीत ते कॉल बंद ठेवलेत. माझ्या नणंदेचा फोन लागेना म्हणून तिच्या मुलाने इथून विमान कंपनीला फोन केले होते. ती तिकडे निवांत कॉफी पीत बसलेली. विमानतळाच्या फुकट वायफायवरून 'पोचलो' असा मेसेज नाहीतर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा, एवढं ठरवून ठेवा.

पोचल्यावर पहिल्याच दिवशी एक ओटीपी मागवून बघा, नेट बँकिंगमध्ये लॉगिन करून. आला नाही तर फोन विमान मोडवर टाकून परत काढा. तरी नाही आला तर नेटवर्कची यादी काढून हाताने दुसरी कंपनी निवडा. आमचं प्रत्येक खेपेला असंच दुसऱ्या निवडीला जमलं. आणि बँकेत ईमेल नोंदवलेला आहे ना, ते जायच्या आधी बघा. काही बँका ओटीपी त्यावरही पाठवतात. बाबा पेन्शनर असतील आणि नोव्हेंबर तिथेच निघणार असेल तर हयातीच्या दाखल्याचं बँकेत आत्ताच विचारून ठेवा. जीवन प्रमाण या ऑनलाइन दाखल्यालाही ओटीपी लागतो.

कागदावर मोठ्या अक्षरात ताईचा नंबर, पत्ता आणि तिथला तातडीच्या मदतीचा नंबर ९११ लिहून दोघांच्या पाकिटात ठेवा, फोन बंद पडला तर. माझ्या पर्समध्ये अजून आहे तो.

परत यायच्या आठवड्यात तिथल्या सिमचं ऑटो-पे बंद करायला ताईला आठवण करा. आमचं राहून गेलं. मी साताऱ्यात येऊन दिवाळीचं करत होते आणि तिकडे जावयांच्या कार्डातून माझ्या बंद सिमचे पैसे दोन महिने जात होते. जावई एका शब्दाने बोलले नाहीत. लेकीनेच सांगितलं, तेही हसत हसत, व्हॉट्सॲपवर.