संपादकांना विचारा: ‘अपरोक्ष’ ठरलेलं लग्न आणि न बघितलेला कोश

प्रश्न: मॅडम, माझ्या कथेत ‘तिच्या अपरोक्ष लग्न ठरलं’ असं होतं, तुम्ही ते ‘तिच्या माघारी’ केलंत. सगळे तर अपरोक्षच म्हणतात ना?

उत्तर: म्हणतात, आणि म्हणूनच हा शब्द मला सारखा कापावा लागतो. जरा फोडून बघा. पर आणि अक्ष, म्हणजे डोळ्यांच्या पलीकडचं, नजरेआडचं ते ‘परोक्ष’. त्याला ‘अ’ लागला की अर्थ उलटतो, अपरोक्ष म्हणजे समोर, प्रत्यक्ष. वेदान्तात अपरोक्ष ज्ञान म्हणतात ते स्वतःच्या अनुभवातलं, कुणाकडून ऐकलेलं नव्हे. म्हणजे तुमच्या वाक्याप्रमाणे लग्न तिच्यासमोरच ठरलं आणि अख्खी कथा तर ती तिथे नव्हती यावर उभी आहे! बोलताना कुणाचं अडत नाही, आवाजावरून, प्रसंगावरून कळतं, पण छापलेल्या ओळीशेजारी तुम्ही समजावायला उभ्या नसता. बरं, ‘परोक्ष’ असं बरोबर लिहिलं तरी निम्मे वाचक उलटाच अर्थ घेणार, म्हणून मी दोन्ही टाळते. ‘माघारी’, ‘पाठीमागे’ हे शब्द आपल्याकडे आहेत की, आणि ‘माघारी’मध्ये ती घरी नसल्याची जी कळ आहे ती त्या संस्कृत शब्दात येतच नाही.

असंच ‘खुलासा’चं झालंय. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण, नोटीस आली की द्यावा लागतो तो. ‘चौकशीत धक्कादायक खुलासा’ ही हिंदी बातमीची सवय आहे, आपल्याकडे प्रकार उघडकीस येतो. ‘मी त्याची मदत केली’ पण तिकडचंच, आपण त्याला मदत करतो.

प्रश्न: एका पुस्तकात मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातला अर्थ दिला होता, तो घेऊन मी संदर्भात ‘मोल्सवर्थ’ लिहिलं. चालेल ना?

उत्तर: नाही चालणार, कारण तुम्ही मोल्सवर्थ बघितलाच नाही, त्या लेखकावर विश्वास ठेवलात. त्याने अर्थ अर्धाच उतरवला असेल तर ती चूक आता तुमच्या नावावर. शिवाय कोणता मोल्सवर्थ? पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी, सुधारून वाढवलेली, १८५७ची. ही दुसरी इंटरनेटवर फुकट बघता येते, पाच मिनिटांचं काम आहे हो. मूळ ग्रंथ खरंच मिळत नसेल तर सरळ लिहा, ‘अमुक पुस्तकात उद्धृत’. त्यात कमीपणा काही नाही, वाचकाला निदान कळतं तुम्ही नेमकं काय वाचलंय.

तुकोबांचा अभंग देताना तर जास्तच जपा. गाथेच्या वेगवेगळ्या प्रतींत क्रमांक वेगळे पडतात, त्यामुळे नुसता आकडा देऊन उपयोग नाही, कोणती प्रत ते लिहायलाच हवं. ज्ञानेश्वरीला अध्याय आणि ओवी द्या, आवृत्ती तिथेही हवीच. आणि फॉरवर्डमधून आलेली सुंदर ओळ गाथेत सापडली नाही तर ती कितीही आवडो, तुकोबांच्या नावावर देऊ नका. मला असल्या ओळी गाळताना वाईट वाटतं, तरी गाळते.

प्रश्न: कवि की कवी? गुरु की गुरू?

उत्तर: सुटा शब्द असेल तर शेवट दीर्घ: कवी, गुरू. मूळ संस्कृतात ऱ्हस्व असलेले असे शब्द समासात पहिलं पद असतील तर ऱ्हस्व: कविसंमेलन, गुरुदक्षिणा. आणि, नि, परंतु, तथापि हे मात्र ऱ्हस्वच राहतात. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२चे, १९७२मध्ये ४ वाढले, असे १८. एका बैठकीत वाचून होतात.

प्रश्न: ‘संस्थेच्या माध्यमातून वृक्षारोपणाचा कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला’ हे माझं वाक्य परत का आलं?

उत्तर: कारण त्यात एकही झाड दिसत नाही. ‘संस्थेने झाडं लावली’ एवढंच म्हणा, मग किती लावली, कुठली लावली, उन्हाळ्यात पाणी कोण घालणार हे सांगायला जागा उरते. तेवढं लिहून पाठवा, पुढच्या अंकात घेते.