रिपोर्टमधल्या दोन ओळी

कानाचा सीटी स्कॅन झाल्यावर बरेच जण माझ्याकडे एकच धास्ती घेऊन येतात: रिपोर्टमध्ये चेहऱ्याच्या नसेबद्दल काहीतरी लिहिलंय, आता तोंड वाकडं होणार का?

अशाच एक ताई आल्या, शाळेत शिकवणाऱ्या. उजवा कान लहानपणापासून वाहायचा, त्याला घाण वासही यायचा. ऑपरेशनआधी स्कॅन झाला आणि त्यात लिहून आलं, ‘फेशियल कॅनाल डिहिसन्स, दोन्ही बाजूंना’, म्हणजे चेहऱ्याच्या नसेच्या हाडातल्या मार्गाला फट. तेव्हापासून उजव्या कुशीवर झोपणं बंद, त्या बाजूने चावणं बंद, ऐन मे महिन्यात पंखाही बंद. मोबाइलमध्ये रोज सकाळचा हसरा फोटो. ओठांचे कोपरे झूम करकरून त्या मला दाखवत होत्या.

‘घाबरू नका’ हे मी सहसा म्हणत नाही. समोरच्याला वाटतं, आपलं ऐकूनच घेतलं नाही. मी विचारलं, “डावा कान कसा आहे?”

“एकदम ठणठणीत.”

“आणि रिपोर्ट दोन्ही बाजूंचं सांगतोय.”

त्या जरा थांबल्या.

चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातून, एका अरुंद बोगद्यातून जाते. मधल्या कानाजवळ त्या बोगद्याची भिंत अगदी पातळ, आणि कित्येकांत जन्मापासूनच तिथे फट असते. मृत व्यक्तींची ही हाडं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा निम्म्याहून जास्त हाडांत अशी फट सापडली. नुसत्या फटीने तोंड वाकडं होत नाही. ती माहिती सर्जनला हवी असते, हत्यार जपून चालवायला. मात्र कानातला रोगही हाड झिजवतो, म्हणून फट जन्मजात की रोगाने पडलेली, हे डॉक्टरांनाच विचारायचं. तेवढं मी चिठ्ठीवर लिहून दिलं.

डॉक्टरांनी स्कॅन पडद्यावर लावून दोन्ही कान शेजारी शेजारी दाखवले. दोन्हीकडची फट सारखीच, जन्मजात. पण त्याच रिपोर्टात वरच्या ओळीत कोलेस्टिॲटोमा, म्हणजे मधल्या कानात वाढणारा त्वचेचा गोळा, होता. हा कॅन्सर नव्हे, पण हाड कुरतडत जातो, म्हणून खरी घाई त्याची. ती ओळ ताईंनी धड वाचलीच नव्हती! ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत करू, असं त्यांनी ठरवलं होतं. डॉक्टर म्हणाले, इतकं थांबायचं नाही. मधल्या काळात डोळा मिटेना, तोंडातून पाणी ओघळलं किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी या.

रोजचा फोटो मी बंद करायला सांगितला नाही. आठवड्यातून एकदा, तोही यजमानांनी काढायचा, एवढ्यावर आमची तडजोड झाली. जूनमधली तारीख त्यांनी स्वतःच फोन करून घेतली.