छोट्या उपग्रहाची रचना ठरवताना सुरुवात कुठून करावी?

कॅमेरा असलेला क्यूबसॅट (१० सेंमी बाजूच्या घनाकृती ठोकळ्यांच्या मापात बनणारा छोटा उपग्रह) १यू, म्हणजे एका ठोकळ्याएवढा, घ्यावा की ३यू, म्हणजे तीन ठोकळ्यांएवढा, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते आकार आधी ठरवूच नका. उपग्रहाने रोज जमिनीवर किती माहिती पाठवायची, ते आधी लिहून काढा.

९६०० बिट प्रति सेकंदाचा रेडिओ आणि दहा मिनिटांचा पास (उपग्रह जमिनीवरच्या केंद्राच्या टप्प्यात असतो तेवढा वेळ) धरला, तर सगळं सुरळीत झालं तरी जेमतेम ७२० किलोबाइट उतरतात. बरेच कॅमेरे इथेच बाद होतात!

मग वीज. १० सेंमी बाजूच्या एका पृष्ठावर सरळ ऊन पडलं तर साधारण १३.६ वॅट. सोलर सेल ३० टक्के कार्यक्षम धरले, तर हाती चार वॅट. त्यात ५०० किमी उंचीवर सुमारे ९५ मिनिटांच्या फेरीत ३५ मिनिटांपर्यंत सावली असू शकते, म्हणजे सरासरी आणखी घसरते.

हे आकडे एका एक्सेल शीटमध्ये टाका आणि १यू, २यू, ३यू असे पर्याय शेजारी शेजारी ठेवा. वजन आणि वीज दोन्हींत २०-३० टक्के राखीव सोडाच. पुढे वायरिंग आणि स्क्रूच बरंच वजन खातात. बाद केलेल्या पर्यायापुढे कारणही लिहा, कारण सहा महिन्यांनी कुणीतरी तोच प्रश्न पुन्हा काढतं.