पाठ आहे, पण वाचता येत नाही

“मॅडम, पोरगं झेडपीच्या शाळेत आहे. घरी आम्ही फार शिकलेलो नाही. चर्चमध्ये संध्याकाळी अभ्यास घेतात, तिथं पाठवतो. एवढ्यावर भागेल का, का कर्ज काढून तालुक्याला इंग्लिश मीडियमला घालू?”

नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांकडून हा प्रश्न मला वरचेवर येतो. इतर समाजांतले आईवडीलही तो विचारतात. चर्चच्या जागी कुठं बुद्धविहार असतो, कुठं तरुण मंडळाची अभ्यासिका. तिसरीतल्या एका मुलाच्या निमित्तानं मी या प्रश्नाचं उत्तर सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलाची आई घरी शिलाईकाम करते, वडील मार्केट यार्डात टेम्पोवर असतात. घरात आजी आणि एक दुभती गाय. आईनं पिशवीतून दोन कागद काढून माझ्यासमोर ठेवले. एक शाळेचं प्रगतिपुस्तक, दुसरं संडे स्कूलचं, म्हणजे चर्चमध्ये रविवारी भरणाऱ्या धर्मशिक्षणाच्या वर्गाचं, बक्षीसपत्र. “हे बघा, चर्चमध्ये पहिला नंबर. आणि गुरुजी म्हणतात, याला वाचता येत नाही. मग खरं कोणाचं?” तिच्या बोलण्यावरून कळत होतं की तिच्या मनात गुरुजींविषयी अढी बसली आहे. गुरुजी आपल्या लेकराकडे लक्ष देत नाहीत आणि वर त्यालाच ढ ठरवतात, असं तिला वाटत होतं. वडिलांचा उपाय वेगळा होता. रात्री घरी आले की वही तपासायची आणि चूक सापडली की एक ठेवून द्यायची.

मी मुलाला विचारलं, बक्षीस कशाचं मिळालं? बायबलमधलं तेविसावं स्तोत्र पाठ म्हटल्याचं. “म्हणून दाखवतोस?” तो उठून उभा राहिला, हात जोडले आणि सगळं स्तोत्र एका दमात म्हटलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. मग पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, तेच पान काढून मी त्याच्यापुढं ठेवलं आणि बोट ठेवून वाचायला सांगितलं. “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.” तोंडानं वाक्य पूर्ण झालं, बोट मात्र अजून ओळीच्या मध्यावर होतं. पुढच्या ओळीला त्यानं बोट घाईघाईनं सरकवलं, तेव्हा तोंड मागं राहिलं. “यात मेंढपाळ कुठं लिहिलंय?” त्यानं जरा शोधलं आणि ‘परमेश्वर’ या शब्दावर बोट ठेवलं.

आई हे शेजारी बसून बघत होती. ती काही बोलली नाही, पण बक्षीसपत्र तिनं हळूच घडी घालून पिशवीत ठेवलं. मी ते परत काढायला लावलं. पाठांतर खोटं नव्हतं. कानानं ऐकलेलं इतकं नेमकं धरून ठेवणाऱ्या मुलाच्या बुद्धीबद्दल शंका घ्यायचं कारणच नाही. कुरण, उणे असे शब्द त्याच्या कानावरून गेलेले आहेत, हेही भांडवलच आहे. छापलेलं अक्षर आणि कानातला शब्द यांची गाठ तेवढी पडायची राहिली होती.

मग मी त्याला वाचनाची साधी चाचणी दिली. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत घरोघरी वापरतात तशी: आधी सुटी अक्षरं, मग सोपे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट. ‘घर’, ‘कमळ’, ‘बदक’ त्यानं पटापट वाचलं. ‘पाणी’, ‘मासा’ जरा रेंगाळत. ‘रस्ता’ आला तेव्हा ‘रसता’ म्हणाला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागला. ‘सूर्य’ सोडूनच दिला. परिच्छेदात शिरल्यावर पहिले दोन शब्द वाचून बाकीचं मनानं जुळवून सांगितलं, तेही मोठ्या आत्मविश्वासानं. गणितात मात्र अडचण नव्हती. डेअरीची पावती दिली तर लिटर किती, फॅट किती, पैसे किती हे त्यानं बरोबर दाखवलं.

आईला मी एक आकडा सांगितला. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २३.४ टक्के होती. खासगी शाळांतही निम्म्याहून कमीच. म्हणजे तिचा मुलगा काही जगावेगळा नाही, आणि फी भरून शाळा बदलली की वाचता येतं असंही नाही. इंग्लिश मीडियमबद्दल मी नेहमीच स्पष्ट बोलते. जे मूल घरच्या भाषेत जोडाक्षरापाशी अडतं, त्याला तिसरीत उचलून परक्या भाषेच्या वर्गात बसवलं तर त्याची अडचण दुप्पट होते आणि आईवडिलांना ती दिसेनाशी होते, कारण इंग्रजीतलं त्यांनाच कळत नाही. आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून, खासगी शाळेत मोफत प्रवेश मिळेल का, असंही तिनं विचारलं. ते २५ टक्के प्रवेश सुरुवातीच्या वर्गाला असतात, तिसरीतल्या मुलाला नाही. कर्जाचा विषय तिथं संपला.

आता संध्याकाळच्या अभ्यासाचं. पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, चर्चच्या बाजूच्या खोलीत अभ्यासिका सुरू केली होती. पहिली ते आठवीची पोरं सतरंजीवर बसायची आणि तरुण संघातला कॉलेजचा एक मुलगा शिकवायचा. मी एकदा जाऊन बघितलं. तो मुलगा मनापासून करत होता. पण तासभर चालायचं ते लिहिण्याचं काम. गाइडमधली प्रश्नोत्तरं फळ्यावर, फळ्यावरून वहीत. आमच्या या मुलाचं अक्षर सुबक, त्यामुळं वही भरलेली आणि ‘छान’च्या शेऱ्यांनी सजलेली. त्या तासात कोणत्याही पोरानं मोठ्यानं एक ओळ वाचली नाही. शाळेत गृहपाठ पूर्ण, घरी वही पूर्ण, रविवारी वचन पाठ. तिन्ही ठिकाणी वरवर सगळं ठीक दिसत होतं आणि वाचता येत नाही ही गोष्ट एकट्या गुरुजींना दिसली होती.

या कामात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: शाळा सुटल्यावर मुलाला आणखी एक शाळा नको असते. चाळीस मुलांच्या वर्गात गुरुजींना एक गोष्ट कितीही इच्छा असली तरी रोज करता येत नाही, ती म्हणजे एकेका मुलाजवळ बसून त्याचं वाचन ऐकणं. घराकडं आणि चर्चकडं नेमकं तेच आहे: माणसं आणि निवांत वेळ.

म्हणून पहिली भेट ठरवली गुरुजींशी. आई यायला तयार नव्हती. “भांडण होईल,” म्हणाली. मी म्हटलं, ताई, तुम्ही तक्रार घेऊन जाऊ नका, तुम्ही विचारायला जा. गुरुजींनी कपाटातून पहिलीचं पुस्तक काढलं आणि कुठून सुरुवात करायची ते सांगितलं. आधी काना, वेलांटी, उकार पक्के, मग जोडाक्षरं, रफार शेवटी. एवढं नेमकं मार्गदर्शन तिला पैसे भरून मिळालं नसतं. “तुम्हीच शिकवणी लावा ना,” असं ती पटकन बोलून गेली. सरकारी शाळेच्या शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला शिक्षण हक्क कायद्याची मनाई आहे, ते गुरुजींनीच सांगितलं. त्याच कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा बायकांच्या. बहुतेक गावांत ही समिती कागदावर भरलेली असते. आईनं पुढच्या वेळी तिथं नाव दिलं.

घरी काय करायचं? वडिलांना मी वही तपासायचं काम सोडायला सांगितलं. त्यांना ते पटकन पटलं नाही. मारलं नाही तर पोर बिघडतं, हे त्यांच्या वडिलांकडून आलेलं होतं. मी एवढंच विचारलं, “‘सूर्य’ कसा वाचायचा ते मार खाऊन कळेल का त्याला?” ते गप्प बसले. नंतर त्यांनीच एक चांगली गोष्ट केली. टेम्पोच्या भाड्याच्या पावत्या, बाजारातल्या पाट्या, खताच्या गोणीवरची नावं मुलाला वाचायला लावू लागले.

खरी कामाला आली ती आजी. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण उपासनेतली गीतं आणि पवित्र शास्त्रातल्या गोष्टी तोंडपाठ. रोज संध्याकाळी गाईची धार काढून झाली की नातवानं तिच्याजवळ बसून नवीन काहीतरी वाचायचं, असं ठरलं. पाठ असलेलं चालणार नाही, कारण मग तो परत कानावर जातो. वाचताना अर्थ लागेनासा झाला की आजी म्हणायची, “असं कसं असंल रं? परत बघ.” शब्द तिला दिसत नव्हता, पण वाक्य मोडलेलं कानाला कळत होतं. निरक्षर आईबाप मला म्हणतात, आम्ही काय शिकवणार. त्यांना मी या आजीचं सांगते.

पाळकसाहेबांशी मात्र दोनदा बसावं लागलं. त्यांचा समाज शिक्षणाचा अभिमान बाळगणारा, आणि तो रास्तही आहे. अमेरिकन मराठी मिशननं अहमदनगरला १८३१ मध्ये ठाणं उभं केलं. तिथं सिंथिया फॅरार बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या, आणि सावित्रीबाई फुल्यांनी त्यांच्याकडे शिक्षिकेचे धडे घेतल्याचं चरित्रकार लिहितात. खेड्यापाड्यांत एकच माणूस आठवडाभर मिशनशाळेचा मास्तर आणि रविवारी उपदेशक असायचा. त्यामुळं ‘चर्चनं शिकवायचं’ म्हणजे शाळेसारखं शिकवायचं, असं मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, ज्येष्ठांच्या डोक्यात पक्कं आहे. पण आता गावात सरकारी शाळा आहे, गुरुजी आहेत, पुस्तकं मोफत मिळतात. जे तिथं होतं तेच परत करण्यात चर्चची ताकद का घालवायची?

मी सुचवलं की मुलं इयत्तेप्रमाणे बसवू नका, वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवा. पाचवीतला एखादा अक्षरांपाशी असेल तर तो अक्षरांच्या गटात. पहिला अर्धा तास फक्त मोठ्यानं वाचन, लिहिणं नंतर. स्त्री संघातल्या बायकांनी आळीपाळीनं येऊन ऐकायला बसायचं. छोट्या गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ आहे, तिथं मराठी गोष्टी फुकट मिळतात. संडे स्कूलच्या शिक्षकांना शंका होती, रविवारच्या वेळात वाचन शिकवायला लागलो तर वचनाचं काय? त्यांना मी संडे स्कूलचीच गोष्ट सांगितली. इंग्लंडात ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स नावाच्या वर्तमानपत्रवाल्यानं १७८० मध्ये हा उपक्रम सुरू केला तो आठवडाभर कामावर जाणाऱ्या गरीब पोरांसाठी. रविवारीच त्यांना मोकळा वेळ असे, म्हणून त्या दिवशी त्यांना वाचायला शिकवत. त्यानंतर बक्षिसांत एक नवीन बक्षीस आलं: पूर्वी न पाहिलेला उतारा वाचून दाखवण्याचं.

एक विषय नाजूक होता. अभ्यासिकेत शेजारची हिंदू आणि मुसलमान घरांतली पोरंही यायला लागली. सुरुवातीला प्रार्थना घ्यायची का? माझं मत ठाम होतं आणि पाळकसाहेबांनीही ते मानलं. अभ्यासाच्या वेळी फक्त अभ्यास. उपासना आणि संडे स्कूल वेगळ्या वेळी, मंडळीतल्या मुलांसाठी. इतर मुलांच्या आईवडिलांना बोलावून हे तोंडावर सांगायचं, खोली बघायला बोलवायचं. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं संविधानाचं कलम २८ सांगतं. मुलांना धर्माची ओळख करून देणं हे घराचं आणि चर्चचं काम, आणि ते आपापल्या मुलांपुरतं. दुसऱ्याच्या मुलाला वाचायला शिकवताना त्याच्या घरच्यांच्या मनात शंकेला जागा राहिली तर नुकसान त्या मुलाचंच होतं.

काही वाचकांच्या मनात येईल, याला अध्ययन अक्षमता नसेल कशावरून? ते मी डोक्यात ठेवलं होतं. आधी डोळे आणि कान तपासून घेतले. सरकारी शाळांत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांच्याकडून हे होतं. त्यानंतर काही महिने रोजचं वाचन. ज्याला कोणी नीट वाचायलाच बसवलं नाही, त्याच्यावर आधीच शिक्का मारणं मला मान्य नाही. पण नियमित सराव करूनही अक्षरं उलटसुलट होत राहिली, शब्द जागचे हलले नाहीत, तर मात्र वेळ घालवू नये. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. सरकारी रुग्णालयातून तपासणी आणि प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत सवलती मिळतात. या मुलाला त्याची गरज पडली नाही.

दिवाळीनंतर सुरू केलेलं हे सगळं. परीक्षेच्या सुमारास तो परिच्छेद सलग वाचायला लागला होता, गोष्ट मात्र थांबत थांबत. ‘रस्ता’ नीट येतो, ‘सूर्य’पाशी क्षणभर थबकतो. अभ्यासिकेतला कॉलेजचा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला; त्याच्या जागी मंडळीतली बारावीची एक मुलगी आणि गावातल्या एक निवृत्त शिक्षिका येतात. शिक्षिका ख्रिस्ती नाहीत. शाळेच्या कपाटातली गोष्टींची पुस्तकं आठवड्यासाठी अभ्यासिकेला मिळावीत, ही मागणी आईनं समितीच्या बैठकीत केली आणि गुरुजींनी ती मान्य केली. नोंदवही तीच ठेवते.

लेखन अजून कच्चं आहे. फळ्यावरचं बघून सुंदर लिहितो, ऐकून लिहायला सांगितलं की ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं गळतात. नव्या वर्षात शाळेत गुरुजी रोज चार ओळींचं श्रुतलेखन घेणार आहेत. अभ्यासिकेत तेच परत घ्यायचं नाही, असं ठरलंय. तिथं पोरांनी आपल्या मनानं दोन वाक्यं लिहायची, आणि ती शेजारच्या पोराला वाचून दाखवायची.